कुत्र्या-मांजरांचे शरीरधर्म आणि त्यांची रोजची निगा

कुत्रा आणि मांजर हे प्राणी माणसाच्या घरात हजारो वर्षे वावरत आले असले, तरी त्यांची शरीररचना व शरीरक्रिया माणसाहून आणि एकमेकांहूनही पुष्कळ वेगळी आहे. घरोघरी त्यांच्या संगोपनात ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेक चुका मायेने केलेल्या असतात आणि त्यांचे कारण या वेगळेपणाची माहिती नसणे हेच असते. जो घास घरातील मुलाला पोसतो तो मांजराचे पोषण करीत नाही, जी गोळी माणसाचा ताप उतरवते ती मांजराचा जीव घेऊ शकते, आणि ज्या खोलीत माणसाला नुसते उकडते तिथे चपट्या नाकाच्या कुत्र्याला श्वास पुरेनासा होतो. म्हणून निगेचे नियम पाठ करण्याआधी ते ज्या शरीरासाठी आहेत त्या शरीराचे व्यवहार समजून घेणे अगत्याचे ठरते.

आहाराचा विचार करता, महाराष्ट्रात कुत्र्याला आणि मांजरालाही दूध-पोळी किंवा दूध-भाकरी घालण्याची जुनी पद्धत आहे आणि ती अजूनही शहरांतील सदनिकांपर्यंत टिकून आहे. कुत्र्याच्या बाबतीत ही पद्धत सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही, कारण माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याने धान्यातील पिष्टमय पदार्थ पचवण्याची क्षमता कमावली आहे. स्वीडनमधील संशोधकांनी 2013 मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा पिष्ट पचवणारे विकर, म्हणजे अन्नाचे रासायनिक विघटन घडवणारे प्रथिन, तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारणपणे 2 प्रती, तर कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत प्रती आढळल्या. तेव्हा भात, पोळी, भाकरी हे पदार्थ कुत्र्याला चालतात. मात्र केवळ त्यांवर त्याचे भागत नाही. अंडी, मासे, चिकन यांसारख्या प्राणिज प्रथिनांचा पुरेसा वाटा त्याच्या रोजच्या अन्नात असावा लागतो. दुधाची गोष्ट निराळी आहे. दुधातील साखर पचवणारे विकर पिल्लू आईचे दूध पिते तोवर भरपूर असते आणि दूध तुटल्यावर कमी होत जाते, त्यामुळे मोठ्या कुत्र्याला वा मांजराला वाटीभर दूध दिले की अनेकदा पोट फुगते आणि हगवण लागते. सततच्या पातळ शौचामुळे त्रासलेल्या जनावराचे नुसते दूध बंद केले तरी पुष्कळदा ते सुधारते. उलट टोकाची चूक म्हणजे वाढत्या पिल्लाला फक्त बिनहाडाचे मांस देत राहणे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असल्याने शरीर ती उणीव स्वतःच्याच हाडांतून भरून काढते, हाडे ठिसूळ होतात आणि पिल्लू लंगडू लागते. यावर कॅल्शियमच्या गोळ्यांचा मारा करणे हाही उपाय नाही, कारण मोठ्या चणीच्या जातींमध्ये अतिरिक्त कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडवते. शिजवलेली हाडे तर देऊच नयेत. ती चावताना टोकदार तुकड्यांत फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

मांजराचे शरीर याहून कितीतरी अधिक हट्टी आहे. ते निखळ मांसाहारी आहे, याचा अर्थ त्याला मांस आवडते एवढाच नसून मांसाबाहेर सहसा न मिळणारे काही घटक त्याच्या शरीराला बाहेरून मिळावेच लागतात. टॉरिन हे अमिनो आम्लवर्गातील द्रव्य त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे आहे. कुत्रा ते बहुधा स्वतः तयार करू शकतो, मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 1987 मध्ये दाखवून दिले, की हृदयाचे स्नायू पातळ होऊन ते फुगत जाण्याचा मांजरांमधील एक जीवघेणा आजार टॉरिनच्या अभावाने होतो आणि ते पुरवल्यास बरा होऊ शकतो. याच अभावाने डोळ्याचा पडदा झिजून अंधत्वही येते. गाजरातील रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणेही मांजराला जमत नाही. त्यामुळे शाकाहारी घरात मांजर पाळताना त्याला घरच्या रिवाजात बसवण्याचा आग्रह धरणे म्हणजे त्याला हळूहळू उपाशी मारणे होय, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. ज्यांना घरात मांस-मासे शिजवणे शक्य नाही त्यांनी मांजरासाठी तयार केलेले संतुलित खाद्य आणावे, आणि ते कुत्र्याच्या खाद्याने बदलू नये, कारण कुत्र्याच्या खाद्यात मांजराला लागणारे टॉरिन असेलच असे नाही. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातील रानमांजरे असल्याने त्याला तहानेची जाणीव मुळात कमी असते. नुसत्या सुक्या दाण्यांवर वाढणाऱ्या मांजराच्या पोटात पाणी कमी जाते, लघवी दाट होते आणि पुढे मूत्रमार्गाच्या तक्रारी उद्भवण्याची शक्यता वाढते. यासाठी ओलसर अन्नाचा काही वाटा ठेवावा आणि पाण्याची पसरट भांडी खाण्याच्या जागेपासून दूर, घरात दोन-तीन ठिकाणी मांडावीत.

माणसाला निरुपद्रवी वाटणारे काही पदार्थ या प्राण्यांना विषासमान असतात. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा रश्श्यात शिजलेले, रक्तातील तांबड्या पेशी फोडतात आणि मांजराला त्यांचा धोका कुत्र्याहून अधिक असतो. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, त्यामुळे शिऱ्यातील किंवा प्रसादातील मूठभर बेदाणेसुद्धा साधी गोष्ट समजू नये. चॉकलेटमधील थिओब्रोमिन हृदयाची गती बिघडवते. आणि साखरविरहित च्युइंगगममध्ये असणारे झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी खाली आणते. पुष्पगुच्छात येणारी लिलीची फुले मांजर असलेल्या घरात ठेवू नयेत. अंगावर पडलेले त्यांचे पराग चाटल्यानेही मांजराचे मूत्रपिंड बंद पडते.

याहून घातक ठरतात ती घरातील औषधे, आणि तिथे घोटाळा सुरू होतो तो हाताच्या स्पर्शापासून. कुत्र्याचे आणि मांजराचे स्वाभाविक तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, म्हणजे माणसाच्या 37 अंशांहून वर. त्यामुळे निरोगी जनावराचे अंगही हाताला कोमट-गरम लागते आणि घरच्यांना ताप आल्याचा भास होतो. नाक कोरडे किंवा ओले असणे हीदेखील तापाची खात्रीची खूण नाही. ताप आहे की नाही हे थर्मामीटरनेच कळते आणि तो गुदद्वारातून पाहावा लागतो. अशा भासापायी पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. माणसाच्या यकृतात हे औषध ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून निरुपद्रवी करण्याची यंत्रणा असते, मांजराच्या यकृतात ती अतिशय दुबळी असते, त्यामुळे 500 मिलिग्रॅमची एकच गोळी सर्वसाधारण वजनाच्या मांजराला मारण्यास पुरेशी होते. हिरड्या तपकिरी-निळसर पडणे, चेहरा आणि पंजे सुजणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्यांच्याही जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडाला इजा पोचते. यकृताच्या याच दुबळेपणामुळे रोज लादी पुसायला वापरले जाणारे फिनाईलही मांजराला बाधते, कारण ओल्या लादीवरून चालून आलेले मांजर पंजे चाटून स्वच्छ करते आणि ते द्रव्य थेट पोटात जाते. मांजर असलेल्या घरात साबणाच्या पाण्याने लादी पुसावी आणि जंतुनाशक वापरणे भागच पडले, तर ती पुन्हा साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नये. कुत्र्याच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावण्याची चूकही याच जातीची असून तिच्यामुळे मांजराला झटके येतात.

उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा कुत्र्याची अवस्था फार बिकट होते, कारण त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गादीत. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींमध्ये श्वासमार्गच आखूड आणि चिंचोळा असल्याने हे साधनही अपुरे पडते, तर हस्कीसारख्या हिमप्रदेशातील कुत्र्याच्या अंगावर थंडीसाठीच घडलेली दुहेरी लव असते. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने केवळ रूपावर भाळून अशी जात घरी आणणे हा त्या प्राण्यावर अन्याय आहे; महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील कारवान आणि मुधोळ हे शिकारी वाण, किंवा रस्त्यावरचे साधे गावठी पिल्लू, इथल्या हवेत कितीतरी सुखाने राहते. फिरवणे सूर्योदयापूर्वी किंवा सायंकाळी उशिरा करावे आणि डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. हाताला ते सोसत नसेल तर पंजालाही सोसणार नाही. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट झाली आणि पाय लटपटू लागले तर तो उष्माघात समजावा, सावलीत नेऊन साधे नळाचे पाणी अंगावर ओतावे, पंखा लावावा आणि तसेच पशुवैद्याकडे न्यावे. बंद मोटारीत, काच थोडी खाली ठेवूनही, जनावराला सोडून जाऊ नये.

पावसाळ्याची संकटे वेगळी असतात. मुंबईत 2005 च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारे हे जंतू कुत्र्यालाही ग्रासतात आणि त्याच्या मूत्रातून घरच्या माणसांपर्यंत पोचू शकतात, म्हणून कुत्र्याच्या लसींमध्ये लेप्टोची लस दरवर्षी घेणे आणि त्याला डबक्यातले पाणी पिऊ न देणे आवश्यक आहे. दमट हवेत गोचिडांचाही सुळसुळाट होतो. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीची मादी रक्त पिऊन टम्म फुगली की अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दारांच्या चौकटींमागे हजारो अंडी घालते. अंगावर दिसणाऱ्या गोचिडी या एकूण संख्येचा थोडाच भाग असतो, त्यामुळे कुत्र्याला औषध लावले आणि घर तसेच ठेवले तर पंधरवड्यात पुन्हा तोच उपद्रव सुरू होतो. रोज रात्री कुत्र्याला उजेडात बसवून कानांच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, काखा आणि बोटांमधल्या बेचक्या बोटांनी चाचपाव्यात. गोचीड सापडल्यास चिमट्याने ती कातडीलगत, तोंडाजवळ धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये, जळती काडी लावू नये, किंवा ती बोटांनी चिरडू नये. गोचिडींमधून एर्लिकिया आणि बबेसिया हे सूक्ष्मजीव रक्तात शिरतात, आणि ताप, अन्नावरची वासना उडणे, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसतात. हिरडी तपासण्याची एक सोपी रीत सर्वांनी शिकून घ्यावी: ओठ वर उचलून गुलाबी हिरडीवर बोट दाबावे आणि सोडावे, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ती आधीपासूनच पांढुरकी असेल किंवा रंग परतायला वेळ लागत असेल, तर रक्ततपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

पिल्लांचे लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात, आणि एकच लस पुनःपुन्हा का, असा प्रश्न पालकांना पडतो. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी झुंजणारी प्रथिने, लसीलाही निष्प्रभ करतात आणि ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. म्हणून ठरावीक अंतराने लस देत राहिल्यास त्यांतली एक योग्य वेळी लागू पडते. एक मात्रा देऊन थांबलेल्या पिल्लांनाच पार्व्होने गाठल्याचे पुष्कळदा दिसते. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू उलट्या आणि रक्तमिश्रित, उग्र वासाची हगवण घडवतो, आणि अंगणात वा लादीवर कित्येक महिने तग धरतो. फिनाईलने तो मरत नाही. त्यासाठी ब्लीचिंगचे द्रावण लागते, आणि पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये. मांजरांच्या लसीत पॅनल्युकोपेनिया या त्याच कुळातील रोगासह श्वसनमार्गाच्या दोन विषाणूंचा समावेश असतो.

रेबीजविषयी ढिलाई करण्यास जागाच नाही, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग माणसात आणि जनावरात जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि वेळेवर लस घेतल्यास तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस, त्यानंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे पूरक मात्रा आणि पुढे दरवर्षी एक, हा क्रम घरातून कधीच बाहेर न पडणाऱ्या मांजरालाही लागू आहे. मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिकांमध्ये कुत्र्याचा परवाना काढताना या लसीचा दाखला मागितला जातो. एखाद्या वस्तीतील सुमारे 70 टक्के कुत्र्यांचे लसीकरण झाले तर रोगाची साखळी तुटते असे मानले जाते. गोव्यात गेल्या दशकात याच मार्गाने भटक्या आणि पाळीव कुत्र्यांचे व्यापक लसीकरण झाले आणि तेथील रेबीजचे प्रमाण झपाट्याने खाली आले. कुत्रा किंवा मांजर चावले अथवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी, कारण या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असते आणि साबणाने ते विरघळते. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चावणाऱ्या प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत आहे, परंतु ते दहा दिवस उपचार थांबवून बसण्यासाठी नाहीत. उपचार आधी सुरू करायचे आणि प्राणी धडधाकट राहिला तर उरलेल्या मात्रांबद्दल डॉक्टरांनी ठरवायचे.

वर्तनाच्या बाबतीत सर्वांत दृढ झालेला गैरसमज म्हणजे कुत्र्याला आपला गुन्हा कळतो हा. घरात कुणी नसताना चप्पल कुरतडलेला कुत्रा मालक आल्यावर कान पाडतो, नजर चुकवतो, अंग चोरतो, आणि मालकाला वाटते की त्याला अपराध उमगला आहे. न्यूयॉर्कमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खाऊ खाऊ नकोस असे कुत्र्याला बजावून मालकाला बाहेर पाठवले आणि परतल्यावर त्याला कधी खरी तर कधी खोटी बातमी दिली; तेव्हा तो केविलवाणा चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. म्हणजे तो पश्चात्ताप नसून समोरच्या माणसाचा पवित्रा पाहून दाखवलेली शरणागती असते. तासाभरापूर्वी केलेल्या लघवीत पिल्लाचे नाक खुपसण्याची रीत म्हणूनच निरर्थक आणि क्रूर आहे. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणूस घरी आला की भय असते. त्याऐवजी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर न्यावे आणि योग्य जागी विधी उरकताक्षणी शाबासकी व खाऊ द्यावा. गुरगुरण्याबद्दलही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना आहे, आणि ती दाबून टाकलेला कुत्रा पुढे काहीच न सांगता चावतो. त्याही आधी तो तोंड वळवणे, ओठ चाटणे, जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे अशा खुणा करीत असतो. लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसले असताना मोठ्यांनी मुलाच्या हसण्याकडे नव्हे, कुत्र्याच्या या खुणांकडे पाहावे. शेपूट हलते म्हणजे तो खूश आहे असेही नसते. ताठ अंगाने उंच धरलेली, झपझप हलणारी शेपूट हा इशारा असू शकतो. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत संध्याकाळपूर्वी फिरवून आणून खिडक्या लावलेल्या आतल्या खोलीत त्याला राहू द्यावे, आणि तो पलंगाखाली दडला तर ओढून काढू नये.

मांजराची भाषा अधिक संयत आहे. सावकाश डोळे मिटून उघडणे ही त्याच्या निर्धास्तपणाची खूण असून, माणसाने तसेच हळू डोळे मिचकावल्यास मांजर प्रतिसाद देते आणि जवळ येण्यास अधिक राजी होते, असे ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले. पोट उघडे टाकून लोळणे हा विश्वास असतो, पोटाला हात लावण्याचे निमंत्रण नसते. मांजर गुरगुर करते ते सुखात, तसेच कधीकधी दुखण्यातही. आजार लपवणे हा त्याचा स्वभावच असल्याने उडी मारण्याचे टाळणे, अंग चाटण्याचे सोडून देणे, कपाटाखाली बसून राहणे या बारीक बदलांनाच लक्षण मानावे लागते. दोन दिवस काहीच न खाणाऱ्या, विशेषतः स्थूल, मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवाला धोका निर्माण होतो. बोका मलमूत्राच्या ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथतो आहे, ओरडतो आहे आणि लघवी थेंबही होत नाही, अशी अवस्था दिसली तर अनेकजण ती बद्धकोष्ठता समजतात. बहुधा तो मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो, म्हणून रात्र असली तरी त्याला उपचारासाठी न्यावे. एरवी मांजर ट्रेबाहेर घाण करू लागले तर ते सूड उगवत नसते: ट्रे अस्वच्छ असतो, खाण्याच्या भांड्याजवळ असतो, किंवा दोन मांजरांत एकच असतो. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त ठेवावा आणि तो दररोज साफ करावा. उंच इमारतींमध्ये खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी लावल्याशिवाय मांजर आणूच नये. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांच्या 1987 मधील अभ्यासात उपचार मिळालेली सुमारे 90 टक्के मांजरे वाचली होती. परंतु छाती, जबडा आणि पाय यांच्या दुखापती त्यांना सोसाव्या लागल्या.

नसबंदीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि गर्भकाळ अवघ्या नऊ आठवड्यांचा असतो, तर नसबंदी न झालेल्या प्रौढ कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार वारंवार आढळतो. तिला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत या समजाला वैद्यकीय आधार नाही. शस्त्रक्रियेचे नेमके वय जातीनुसार आणि चणीनुसार पशुवैद्याने ठरवावे. आंघोळीसाठी माणसाचा साबण किंवा शाम्पू वापरू नये, कारण कुत्र्याच्या त्वचेची आम्लता माणसाच्या त्वचेहून वेगळी असते. निरोगी मांजराला आंघोळीची गरजच नसते. दात मात्र दोघांचेही घासावेत, आणि तेही माणसाच्या टूथपेस्टने नव्हे.

सात-आठ वर्षांनंतर दोन्ही प्राणी उतारवयाकडे झुकतात आणि बदल इतक्या हळू होतात की रोज पाहणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाहीत. यासाठी एका वहीत दरमहा वजन लिहावे. मांजराला कवेत घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. चार किलोच्या मांजराचे वजन चारशे ग्रॅमने घटणे म्हणजे दहावा हिस्सा गमावणे होय, आणि ते नजरेला दिसत नाही. पाणी पिण्याचे प्रमाण वाढले, ट्रेमधील ओले गोळे मोठे होऊ लागले, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. जिना चढताना थांबणारा कुत्रा म्हातारा झाला म्हणून सोडून देऊ नये. बहुधा त्याचे सांधे दुखत असतात आणि त्यावर प्राण्यांसाठीची सुरक्षित वेदनाशामके मिळतात. पशुवैद्याकडे जाताना ती वही, लसींचे कार्ड आणि चालण्याचा किंवा खोकल्याचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ बरोबर न्यावा, कारण दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेले जनावर घरी दाखवते ती लक्षणे बहुधा दाखवत नाही.